अनुभव धागा: हातातलं काम आणि प्रभूवरची श्रद्धा

सर्वांना सप्रेम सलाम. 1 मे जवळ आला. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन तर आहेच, शिवाय कॅथलिक मंडळी त्या दिवशी कामकरी संत जोसेफ यांचा सण पाळतात. पोप बारावे पायस यांनी तो 1955 साली सुरू केला. त्यानिमित्त विचारते: घराची डागडुजी, रंग, सुतारकाम, जे काही स्वतः केलंत त्यात तुम्हाला प्रभू कुठे भेटला? प्रवचन नको, अनुभव लिहा.

वसईहून
आमचं घर अजून कौलारू आहे. दरवर्षी मे महिन्यात बाबा आणि मी कौलं परततो. आधी भर दुपारी खिडक्या लावून माळ्यावर चढायचं. अंधारात जिथून कवडसा आत येतो, तिथे रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्टीवर, खडूने खूण करायची. मग वर जाऊन तेवढीच कौलं काढायची, शेवाळ घासायचं, चीर गेलेलं बदलायचं, सरकलेलं जागेवर बसवायचं. आई खाली फुटके तुकडे गोळा करत रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत असते. कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूंपाशी पापांची कबुली द्यायला, जाण्याआधी मी शांत बसतो तेव्हा मला हाच माळा आठवतो. कवडसा दिसला की गळती कुठे आहे ते कळतं.

पुण्याहून
यजमान गेल्यावर घराचा रंग मीच काढला. दीर म्हणाले, "वहिनी, माणूस लावू, तुम्ही कशाला?" पण मला करायचं होतं. पोपडे खरवडले, खड्डे-भेगांत लांबी (पुट्टी) भरली, पॉलिश पेपरने घासून घासून खांदे भरून आले. त्या दिवसांत बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक वाचत होते. तिसऱ्या अध्यायात यरुशलेमचा कोट बांधणाऱ्यांची यादी आहे. त्यात सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं करणारा आहे, आणि शल्लूमसोबत त्याच्या मुलीही आहेत. आजवर ती यादी मी नुसती पुढे सरकवत होते. भिंत घासताना त्या मुली मला सोबतीला आल्या, एवढंच सांगते.

सांगलीहून
2019 च्या पुरानंतर आमच्या तरुण संघाने घरांतला गाळ काढला. ज्या घरांत गेलो तिथे कुणी आमचा धर्म विचारला नाही, आम्हीही विचारला नाही. संध्याकाळी प्रार्थनेला शब्द सुचत नव्हते. त्याची खंत वाटली नाही.

छत्रपती संभाजीनगरहून, वायरमन
काम करताना प्रार्थना करता का, असं लोक विचारतात. भिंतीत ड्रिल घालताना माझं सगळं लक्ष आतली वायर कुठून गेली आहे इकडे असतं. मेन बंद करून टेस्टर लावून बघतो, मगच हात घालतो. त्या घरात लेकरं राहणार आहेत. माझ्या लेखी ही काळजी हीच प्रार्थना.

अहिल्यानगर जिल्ह्यातून
वरचं सगळं मनापासून वाचलं. माझं थोडं वेगळं आहे. आमच्या पूर्वजांना श्रम आवडीने निवडता आले नाहीत. गावकीची कामं जन्माने गळ्यात पडायची. या कामांना बांधून ठेवणारी महार वतनं कायद्याने गेली ती 1958 साली. म्हणून "श्रम पवित्र आहेत" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, मजुरी किती दिली? आजोबा गवंडी होते. ओळंबा सोडून भिंत बघताना त्यांचा श्वास थांबायचा, इतकी त्या कामावर निष्ठा. त्यांना मार्कच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय फार प्रिय होता. नासरेथचे लोक येशूला "हा सुतारच ना?" म्हणून हिणवतात, ती जागा. आजोबा म्हणायचे, "देवाने आपलंच काम हातात घेतलं, आता लाजायचं कुणी?" आणि लगेच याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय काढून दाखवायचे: अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी जाते. घरकाम हौसेने करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण ज्या दिवशी आपण गवंड्याला, बिगाऱ्याला बोलावतो, त्या दिवशी आपली श्रद्धा संध्याकाळच्या हिशेबात दिसली पाहिजे.

धागाकर्ती
दादा, तुमचं लिहिणं पाळकांना वाचून दाखवलं. 1 मेच्या उपासनेत याकोबाचा तोच अध्याय वाचणार आहोत. चर्चच्या छपराचं काम चालू आहे, तिथल्या बिगाऱ्यांचे या आठवड्याचे पैसे शनिवारीच हातात द्यायचे असंही कमिटीत ठरलं. बाकीच्यांनी लिहीत राहा.