छात्राध्यापिकेला भर वर्गात दुरुस्त केलं, आता काय करू?

मी सातवी-आठवीला गणित शिकवते. नोकरीला एकोणीस वर्षं झाली, पण मार्गदर्शक शिक्षक म्हणून ही पहिलीच वेळ. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी १६ आठवड्यांच्या आंतरवासितेसाठी (इंटर्नशिपसाठी) आली आहे. आमचं बी.एड. एका वर्षाचं होतं. प्रस्तावना, हेतुकथन असं पाठाचं टाचण (आराखडा) काढायचं, मागच्या बाकावर निरीक्षक, शेवटी शेरा आणि सही. खरं सांगायचं तर मला तेवढंच येतं.

गेल्या आठवड्यात सातवीला तिचा पूर्णांकांच्या गुणाकाराचा पाठ होता. छान चालला होता. शेवटी तिने 'ऋण ऋण धन' घोकून घेतलं आणि एका मुलाने फळ्यावर −३ − ५ = ८ असं लिहिलं. तास संपत आलेला, घाईत ती 'बरोबर' म्हणून गेली. मी तडक उठले, तिच्या हातातला खडू घेतला आणि बेरजेत हा नियम का चालत नाही ते सांगितलं. दोन मिनिटांचं काम.

तेव्हापासून तिने काही विचारलं की मुलं आधी मागे वळून माझ्याकडे बघतात. तीही बघते. टाचण आता पाच-पाच पानांचं आणते आणि वहीतून मान वर काढत नाही.

चूक दिसली तरी गप्प बसायचं का? मुलांच्या डोक्यात चुकीचं बसेल त्याचं काय? आणि निरीक्षण वहीत 'फलकलेखन सुधारावे' याखेरीज काय लिहू? (कोणी रजेवर असलं की बदली तास तिच्याच गळ्यात पडतात, ते वेगळंच दुखणं.)

उत्तर १
ताई, गणित उद्याही दुरुस्त करता येतं. खडू घेतलात तिथे गडबड झाली. आधी तिची माफी मागा, स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत नको, दोघीच असताना. मग तेच उदाहरण तिलाच पुन्हा घेऊ द्या: संख्यारेषेवर −३ वरून डावीकडे ५ घरं. 'काल माझ्याकडून चुकलं' हे तिने स्वतः म्हटलं की मुलं तिचं ऐकू लागतात, माझा तरी असा अनुभव आहे.
मागचा बाक सोडा, खिडकीकडेला बसा. वहीत शेरे नकोत. मुलं काय बोलली, कोणी काय लिहिलं, तेवढंच टिपा आणि सुट्टीत तिलाच विचारा, असं का झालं असेल.

उत्तर २
आणि तुमच्या तासाला तिला निरीक्षणाला बसवा. तुमच्याही चुका सापडतील :) बदली तासांचं मुख्याध्यापकांशी तुम्हीच बोला, ती बिचारी बोलणार नाही. तिच्या मूल्यमापनाचा कागद शाळेकडूनच जातो ना.

धागाकर्ती
माफी मागितली. ती रडली, मग मीही. उद्या चौथ्या तासाला ती माझं निरीक्षण करणार आहे. एकच शंका: त्यासाठी तिची निरीक्षण वही वापरायची की वेगळी करायची?