जोडीदाराच्या मास्टर्सला ट्यूशन रेमिशन: टॅक्स लागतो का?

प्रश्न: अमेरिकेतल्या विद्यापीठात नोकरी आहे. त्या नोकरीमुळे बायकोच्या मास्टर्सची ट्यूशन माफ झाली (ट्यूशन रेमिशन), तरी पगारातून टॅक्स कापणार का? मुलाच्या बॅचलर्सचं काय?

उत्तर १: मुलगा तुमच्यावर अवलंबून असेल तर बॅचलर्सची माफी करमुक्त, अमेरिकी करकायद्याचं कलम 117(डी). मास्टर्सवर मात्र कापतील. जोडीदाराची माफ झालेली सगळी रक्कम तुमच्या डब्ल्यू-2 मध्ये (पगार आणि कपातीच्या वार्षिक फॉर्ममध्ये) उत्पन्न म्हणून चढते. समजा 9,000 डॉलर माफ झाले: सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे (सरकारी पेन्शन आणि आरोग्य विम्याच्या कराचे) 7.65 टक्के, म्हणजे 688.50 डॉलर, शिवाय फेडरल टॅक्स. हातात रोख काहीच येत नाही, पण कपात खऱ्या पगारातून होते. पगाराच्या एकाच चेकमधून सगळं गेलं की धक्काच बसतो. कपात तीन-चार चेकांत विभागता येते का, हे पेरोल (पगार) विभागाला सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच विचारा.

उत्तर २: स्वतः मास्टर्स करणार असाल तर त्याच कायद्याच्या कलम 127 खाली 5,250 डॉलरपर्यंतची माफी करमुक्त. ही मर्यादा कॅलेंडर वर्षाची, शैक्षणिक वर्षाची नव्हे. सगळे कोर्स एकाच वर्षात कोंबू नका.

उत्तर ३: रेमिशन म्हणजे बहुधा फक्त ट्यूशन. लॅब फी, हेल्थ फी खिशातूनच. आणि अर्ज बऱ्याच ठिकाणी दर सेमिस्टरला नव्याने भरावा लागतो, लोक नेमके तिथेच चुकतात.