एमसी मवाली: कुठून ऐकावा, कसं शिकावं?

प्रश्न: स्वदेसी या मुंबईच्या हिपहॉप टोळीतल्या रॅपर मवालीचं आधी काय ऐकू? आणि माझ्या मराठी रॅपच्या ओळी बारबाहेर, म्हणजे चार ठोक्यांच्या मापाबाहेर, का जातात?

प्रतिसाद १: २०१९चं 'द वारली रिव्हॉल्ट' हे गाणं घ्या. विषय आरेचं जंगल. आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आणि मवालीचं रॅप यांचा पोत अगदी निराळा, गंमत तिथेच आहे. मग २०२०चा 'चेतावनी', आझादी रेकॉर्ड्स या लेबलचा. तो अख्ख्या टोळीचा अल्बम आहे, एकट्या मवालीचा नव्हे.

प्रतिसाद २: तुम्ही लिहिलेली अक्षरं मोजताय बहुतेक. 'करणार' कागदावर चार अक्षरं, तोंडात दोनच: कर्-णार. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) चार ठोक्यांचा बार साधारण २.६७ सेकंदांचा, त्यात ठोक्याला चार अशी सोळा घरं, एका घरात एक उच्चारलेलं अक्षर. तेरा-चौदाच भरा, उरलेली श्वासाला. सगळी भरलीत तर तिसऱ्या बारला दम लागतो, शेवटचा शब्द गिळला जातो. आधी बीट बंद करून, टाळीवर म्हणा.

प्रतिसाद ३: करतो-मरतो-धरतो टाळा हो! क्रियापदांचं यमक मराठीत फुकट मिळतं, म्हणून पुचाट लागतं. क्रियापद मध्ये ढकला, शेवटी नाम ठेवा: डांबर, नंबर. बोलीत तशी उलटापालट चालते.