भाऊ चालतो-बोलतो, पण त्याचा दिवस सुरूच होत नाही

प्रश्न : थोरला भाऊ, सोलापूर

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा असून टॉवेलच्या एका कारखान्यात जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती पाहणारा) होता. चौदा महिन्यांपूर्वी अक्कलकोट रस्त्यावर टेम्पोने त्याच्या दुचाकीला धडक दिली, कपाळामागे मेंदूला मार बसला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. आता तो हिंडतो-फिरतो, सर्वांना ओळखतो. परंतु सांगितल्याशिवाय आंघोळीला उठत नाही, तासाभरापूर्वीचे बोलणे विसरतो आणि चारचौघांत बायकोवर भडकतो. नातेवाईक त्याला अंगचोर म्हणतात. रुग्णालयातून सोडताना गोळ्या समजावून दिल्या, पण घरी पुढे काय करायचे ते कोणीच सांगितले नाही. तो पूर्वीसारखा कधी होईल?

उत्तर १ : ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून उपचार देणारे तज्ज्ञ)

‘पूर्वीसारखा कधी’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर कोणीही देऊ शकणार नाही. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो हे खरे, पण सहा महिन्यांनी दार बंद होते ही समजूत चुकीची आहे. काम आपणहून सुरू करणे, रागाला आवर घालणे आणि कामांचा क्रम लावणे या गोष्टी मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतात. त्यामुळे तुम्हाला जो आळस दिसतो तो इजेचाच भाग आहे, आणि आपल्यात काही उणे आहे याची जाणीवही अशा इजेत कमी होऊ शकते, म्हणून समजावून किंवा रागावून फारसा उपयोग होत नाही.

उपयोग होतो तो ठरलेल्या दिनक्रमाचा. मोबाइलचा गजर, भिंतीवर मोठ्या अक्षरांत दिवसाचा तक्ता, टॉवेल आणि कपडे रोज एकाच जागी, आणि एका वेळी एकच सूचना. थकवा चढला की राग वाढतो, म्हणून पाहुण्यांची गर्दी आणि टीव्हीचा आवाज कमी ठेवा. फिटच्या गोळ्या दिल्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. दारू मात्र पूर्ण वर्ज्य.

उत्तर २ : सोलापूरच्या पूर्व भागातील एक गृहिणी

माझ्या यजमानांना पक्षाघातानंतर बोलता येईना. आमच्या घरात तेलुगू बोलतात, तपासणी मात्र मराठीतून होत होती आणि उत्तर आले नाही की ‘समजत नाही’ अशी नोंद होई. सासूबाईंनी तेलुगूत विचारल्यावर ते मान हलवीत, हे मी सांगितले तेव्हा कुठे वाचा-उपचाराची दिशा बदलली. तुमच्या घरी हा प्रश्न नसेलही, पण घरच्यांनी पाहिलेले वहीत लिहून डॉक्टरांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी सांगितले.

दुसरे असे, की तुमच्या वहिनींना (की भावजयीला म्हणू) आठवड्यातून एक दुपार तरी पूर्ण मोकळी द्या. मला ती तिसऱ्या वर्षी मिळाली, तोवर मीच आजारी पडले होते.

उत्तर ३ : अपघात दाव्यांचे काम पाहणारा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत मेंदूच्या इजेचा स्वतंत्र उल्लेख नाही. हालचाल, वाचा, मानसिक आजार अशा ज्या प्रकारात अडचण बसेल त्यात मूल्यमापन होते, म्हणून केवळ हातपाय तपासून घेऊन परत येऊ नका. स्मरणशक्ती आणि वर्तनाच्या चाचण्यांचा अहवाल सोबत न्या. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते.

अपघाताचा दावा दाखल केला आहे का? १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात भरपाईच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली आहे, तेव्हा राहिला असेल तर वकिलांना ताबडतोब भेटा. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले, की शरीराच्या दिव्यांगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट एकच नव्हे. जॉबरला मागाचा बिघाड लक्षात ठेवता येत नसेल, तर हा मुद्दा फार मोलाचा आहे.

थोरला भाऊ

दावा चौथ्याच महिन्यात दाखल केला आहे. वहीही आजपासून सुरू केली. मालक त्याला पुन्हा कामावर घ्यायला तयार आहेत, पाठवावे का?

ऑक्युपेशनल थेरपिस्ट

मागाजवळ नको, फिट येण्याची शक्यता असताना चालत्या यंत्रापाशी उभे राहणे धोक्याचे आहे. डॉक्टरांची संमती घेऊन टॉवेलच्या घड्या घालण्याचे काम सकाळी दोन तास, ओळखीच्या माणसाशेजारी बसवून सुरू करा, आणि घरी आल्यावर तो किती वेळ झोपतो ते वहीत लिहा. तास वाढवायचे की नाही, ते त्यावरून ठरवू.