चीव्हनिंगचे निबंध: कन्सल्टन्सीकडून लिहून घ्यावेत का?

आष्टीची_पोर:
नमस्कार मंडळी, मी एमएसडब्ल्यू करून बीडकडे एका संस्थेत ऊसतोड कामगारांच्या आरोग्यावर काम करते. इंग्लंडला पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायचंय म्हणून चीव्हनिंगचा (ब्रिटन सरकारची शिष्यवृत्ती) फॉर्म उघडला तर पहिलाच निबंध लीडरशिपचा, आता मी कसली लीडर, साधी फील्ड कोऑर्डिनेटर. एक कन्सल्टन्सीवाला पैसे घेऊन लिहून देतो म्हणतोय, सॅम्पलमध्ये "लहानपणापासून समाजसेवेची आवड" वगैरे होतं. इंग्रजी माझं यथातथाच. काय करू?

खडकवासला_एक्स्प्रेस:
अजिबात देऊ नकोस पैसे. फॉर्मला फी नाही, मग ह्याला कशाला? आणि शॉर्टलिस्ट झालीस की मुलाखतीत निबंधातलंच खोदून विचारतात, तेव्हा तो कन्सल्टन्सीवाला शेजारी बसणारे का?
आधी अटी बघ. पदवी पाहिजे, 2,800 तास कामाचा अनुभव पाहिजे (साधारण दोन वर्षं फुलटाइम, इंटर्नशिप आणि व्हॉलंटिअरिंगही धरतात), कोर्स तीन निवडायचे, आणि शिकून झाल्यावर भारतात परत येऊन किमान दोन वर्षं राहायचं. युनिव्हर्सिटीला अर्ज वेगळा करावा लागतो हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं.

माई_सातारकर:
अगं पद कोण विचारतंय. तू रोज नक्की काय करतेस ते सांग आधी.

आष्टीची_पोर:
दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यावर जातात ना, तेव्हा गरोदर बायकांच्या तपासण्या आणि पोरांचं लसीकरण मध्येच तुटतं. मग टोळ्या निघायच्या आधी मी आशाताईंकडून याद्या घेते, मुकादमाला विचारून कुठल्या कारखान्यावर चाललेत ते लिहिते आणि तिकडच्या नर्सबाईंना फोन करून कळवते. आधी असं कुणी करत नव्हतं, मीच सुरू केलं. मुकादम आधी नंबरच देत नव्हते.

माई_सातारकर:
झाला की निबंध! "मीच सुरू केलं" हे तू शेवटी पुटपुटल्यासारखं लिहिलंयस, ते पहिल्या ओळीत घे. मुकादम नाही म्हणत होता तो हो कसा म्हणाला, ते नीट लिही, लीडरशिप तिथेच आहे. आपल्याकडे संस्थेत सगळं "आम्ही केलं" म्हणायची सवय, इथे तुझा वाटा वेगळा दिसला पाहिजे. नेटवर्किंगच्या निबंधात आशाताई, मुकादम, नर्सबाई ही साखळी टाक, मोठ्या साहेबांबरोबरचे फोटो नकोत. उरलेल्या दोनांत हाच कोर्स का आणि परत येऊन काय करणार, तिथे "देशसेवा" नको, ही यादीची पद्धत सगळ्या जिल्ह्यात कशी नेशील ते लिही. इंग्रजी साधंच ठेव, व्याकरण कुणाकडून तरी तपासून घे.

खडकवासला_एक्स्प्रेस:
माईंना मोदक. रेफरन्स (शिफारसपत्रं) दोन लागतात. आपले सर लोक "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हणतात, तसलं नको. त्यांना तुझ्या कामाचे चार मुद्दे पाठव आणि त्यांनाच लिहू दे. एक तरी रेफरन्स फील्डवर काम पाहिलेल्या माणसाचा घे.
आणि एकाच शिष्यवृत्तीवर अवलंबून राहू नकोस, अनुसूचित जाती-नवबौद्ध प्रवर्गात बसत असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला युनिव्हर्सिटीच्या रँकिंगची अट असते, यंदाची जाहिरात वाचूनच कोर्स निवड. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाक.

आष्टीची_पोर:
दाखल्याचा अर्ज उद्याच सेतूत देते. माई, पहिला ड्राफ्ट इथेच टाकला तर बघाल का?

माई_सातारकर:
टाक, पण बायकांची आणि गावांची नावं काढून टाक.