१३ किमीनंतर मन मोडतं, २१ कसे गाठायचे?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव): आठवड्याला २५ किमी होतात. रविवारी १३ च्या पुढं पाय चालतात, मन मात्र थांब म्हणतं. जिद्द वाढवायची कशी?

उत्तर १: आधी वेग बघा. मन १३ ला मोडतं, पण चूक बहुतेक पहिल्या ५ किमीतच झालेली असते. जोरात निघालं की अंगातली साठवलेली साखर लवकर संपते. शेजारच्याशी बोलता येईल इतकंच धावा. पाऊण तासानंतर दर अर्ध्या तासाला दोन खजूर, दोन-तीन घोट पाणी. आठवड्याची वाढ १० टक्क्यांच्या आत, चौथा आठवडा हलका.

उत्तर २: बेळगावजवळच्या राजहंसगडाचा चढ महिन्यातून एकदाच. उतरताना लांब ढांगा टाकल्या की गुडघे धरतात. पावसाळ्यात पायाच्या बोटांना व्हॅसलीन लावाच.

उत्तर ३: दादा, वारकरी पंढरपूर मनात धरतो, पण चालतो पुढच्या विसाव्यापर्यंत. तसंच १३ नंतर फक्त पुढचा विजेचा खांब धरा. तीन पावलं श्वास आत, दोन पावलं बाहेर, बाहेर सोडताना मनात 'विठ्ठल'. नाम तुटायला लागलं की वेग वाढलाय समजा. छातीत दुखलं, चक्कर आली तर मात्र लगेच थांबा. तिथं जिद्द नको.