टायटॅनियमची परवडणारी ग्रॅव्हल सायकल घ्यावी का?

खडीवाट (पुणे):
नमस्कार. ताम्हिणी घाटातून उतरून दिवेआगर, हरिहरेश्वर आणि पुढे तरीने वेसवीकडे, असे सामान लादून फिरण्यासाठी, तसेच अधूनमधून २०० व ३०० किलोमीटरच्या ब्रेवेसाठी (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीसाठी) एकच ग्रॅव्हल सायकल, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारी, ठेवावी असा विचार आहे. सध्याची स्टीलची सायकल पावसाळ्यानंतर दरवर्षी कुठे ना कुठे गंजलेली आढळते. ग्रेड ९ टायटॅनियमची (या मिश्रधातूची) चिनी बनावटीची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) आणि शिमानो जीआरएक्सचे ११ गिअर अशी सायकल कस्टम ड्युटीसह सुमारे अडीच लाखांत पडते आहे. तेवढ्यात बरी कार्बनची सायकल येते आणि अ‍ॅल्युमिनियमची तर बऱ्याच कमी पैशांत येते. टायटॅनियम हादरे शोषून घेते, या म्हणण्यात कितपत तथ्य आहे?

जुनी पँडल:
तथ्य आहे, पण फार थोडे. दोन त्रिकोणांची फ्रेम कोणत्याही धातूची असली तरी उभ्या दिशेने जवळजवळ दबत नाही. खडबडीत रस्त्यावर जो आराम जाणवतो तो मुख्यतः ४० ते ४५ मिलिमीटर रुंद टायर, त्यातील बेताची हवा आणि बाहेर बराच निघालेला २७.२ मिलिमीटर जाडीचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) यांच्यामुळे असतो. टायटॅनियमचा ताठरपणा स्टीलच्या साधारण निम्मा असल्याने त्याच्या नळ्या जाड व्यासाच्या घ्याव्या लागतात, आणि तो व्यास किती ठेवायचा हे ठरवणारा कारागीरच सायकल मऊ होणार की लाकडासारखी ताठ, हे ठरवत असतो.

वजनाचेही तसेच. अशी फ्रेम बहुधा दीड ते पावणेदोन किलोची असते, म्हणजे स्टीलपेक्षा हलकी आणि कार्बनपेक्षा जड. तुम्ही दहा किलोचे सामान बांधून निघणार असाल तर या फरकावर पैसे खर्च करण्यात अर्थ नाही.

खरा फायदा तुमच्या तक्रारीतच आहे. टायटॅनियम गंजत नाही, त्यामुळे त्याला रंगाची गरज नसते, आणि बॅगेच्या पट्ट्यांनी फ्रेमवर ओरखडे पडले तर ब्रश फिनिशवरचे (बारीक रेघा असलेल्या पृष्ठभागावरचे) ओरखडे भांड्यांच्या हिरव्या घासणीने, मूळ रेघांच्या दिशेने घासून बरेचसे घालवता येतात. कार्बनची फ्रेम पट्टीखाली अडकलेल्या वाळूने झिजते, तेव्हा असा उपाय चालत नाही.

आर्गॉन:
वरील मताशी सहमत आहे, मात्र ‘परवडणारी’ या शब्दापाशी थांबायला हवे. तापलेले टायटॅनियम हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून ठिसूळ होते, म्हणून वेल्डिंग करताना सांध्याच्या बाहेरून तर आर्गॉन वायू सोडावा लागतोच, पण नळीच्या आतही तो भरावा लागतो. खर्च वाचवायचा झाला तर ही आतली बाजूच दुर्लक्षित राहू शकते, कारण ती गिऱ्हाईकाला दिसत नाही. सांध्याचा रंग चंदेरी किंवा फिकट पिवळसर असेल तर काम ठीक झालेले असते. गडद निळा, राखाडी किंवा पांढरट भुकटीसारखा थर दिसला तर सौदा सोडून द्यावा. बाहेरचा रंग पॉलिश करून घालवता येतो. तेव्हा सीटपोस्ट काढून नळीत टॉर्च मारून पाहावे, किंवा विक्रेत्याकडून आतले फोटो मागवावेत.

आणखी एक. बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस ज्यात फिरतो तो भाग) आट्यांचाच असावा. दाबून बसवण्याच्या प्रकारात मापे काटेकोर लागतात आणि ती चुकली की करकर सुरू होते. वॉरंटीचे कागदही नीट वाचा, कारण फ्रेमला तडा गेल्यास ती परत पाठवण्याचे भाडे बहुधा तुमच्याच माथी येते. स्टीलची नळी जोडून देणारा चांगला कारागीर शोधल्यास सापडतो. टायटॅनियमची पातळ नळी हाती घेणारा सहसा सापडत नाही.

वरंध:
फ्रेमच्या चर्चेत गिअर विसरू नका. पुढे ४० दात आणि मागे ११-४२ असेल तर सर्वांत हलका गिअर ०.९५ भरतो, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ०.९५ वेळा फिरते. तोच पुढे ४६/३० आणि मागे ११-३४ घेतल्यास ०.८८ होतो. परतीच्या चढावर, सामानासह, हे सात टक्के पायांना नक्की कळतात.

खडीवाट:
सर्वांचे आभार. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा आहे आणि ४६/३० मिळू शकेल, असे विक्रेत्याने कळवले आहे. नळीच्या आतले फोटो मागताच मात्र त्याने बाहेरच्या सांध्यांचेच आणखी सहा फोटो पाठवले.

आर्गॉन:
मग आगाऊ रक्कम भरू नका. दुसऱ्या एखाद्या विक्रेत्याने ते फोटो दिले आणि सायकल घेतलीत, तर अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट अँटी-सीझ (धातू एकमेकांत अडकू न देणारे वंगण) लावूनच बसवा आणि पावसाळ्याआधी व नंतर एकदा काढून पुसा. खाऱ्या पाण्यात या दोन धातूंचा संपर्क आला की टायटॅनियमला काही होत नाही, झिजते ते अ‍ॅल्युमिनियम, आणि पोस्ट आत कायमचा अडकून बसतो. साखळी, डिस्क आणि स्पोकच्या निपलांची निगा मात्र आत्ता घेता तेवढीच घ्यावी लागेल.